वळणावरचा आवाज

बोदवड हें जळगांव जिल्ह्यांतील कापसाच्या व्यापाराचें जुनें गांव. मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, भुसावळ आणि मलकापूर यांच्या दरम्यान, त्याचें स्थानक आहे. परंतु तें गांवांत नसून थोड्या अंतरावर नाडगांवाजवळ आहे. १८५३ च्या एप्रिलमध्यें मुंबई-ठाणें अशी आगगाडी सुरू झाली आणि १८६७ सालीं हा मार्ग खानदेश-वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोंचला. मधल्या काळांत अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें हिंदी कापसाचा भाव अतोनात चढला होता, आणि खानदेशच्या काळ्या जमिनींतील कापूस मुंबई बंदराकडे धांवूं लागला होता. पण रुळावर चढण्यापूर्वीं त्याला शेतापासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून स्थानकापर्यंतची वाट बैलगाडीनेंच काटावी लागे. पुढें याच वाटेवर मोटारी आल्या. बैलगाडीचें, आगगाडीचें आणि मोटारीचें अशीं तीन चाकें या गांवाच्या परिसरांत एकमेकांना भेटलीं. तिन्ही चाकांची जात निराळी, पण वळणावर येणारी त्यांची अडचण एकच. आणि ती अडचण प्रत्येकानें आपापल्या आवाजांत बोलून दाखविली आहे.

ही अडचण समजण्यास मोठें गणित लागत नाहीं. गाडी सरळ जात असते तेव्हां तिचीं दोन्ही बाजूंचीं चाकें सारखेंच अंतर चालतात. गाडी वळली कीं बाहेरच्या बाजूचें चाक मोठ्या वर्तुळावरून जातें आणि आंतलें लहान वर्तुळावरून. दोन चाकांमध्यें साडेचार फूट अंतर आहे असें धरलें, तर गाडीनें काटकोनांत एक वळण घेतांना बाहेरचें चाक आंतल्यापेक्षां सुमारें सात फूट अधिक चालतें. विशेष हें कीं, वळण कितीही ऐसपैस घेतलें किंवा कितीही आंखूड घेतलें, तरी हा सात फुटांचा फरक तेवढाच राहतो. आणि गाडी एक पूर्ण फेरी फिरली, तर तो अठ्ठावीस फुटांवर जातो. दोन्ही चाकें एकाच दांड्यावर पक्कीं बसविलेलीं असतील, तर त्यांना सारखेच फेरे करणें भाग आहे. मग हे सात फूट कोणी तरी जमिनीवर घांसत पुरे केले पाहिजेत. चाक घांसतें, दांडा पिळवटतो आणि आवाज होतो. चाकाच्या इतिहासाचा बराच मोठा भाग म्हणजे या सात फुटांची सोय लावण्याचा इतिहास होय.

महाराष्ट्राच्या भूमींत चाक किती जुनें आहे याचा एक सुंदर पुरावा १९७४ सालीं हातीं आला. आजच्या अहिल्यानगर म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यांत, प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें कांशाच्या चार वजनदार वस्तु सांपडल्या. हत्ती, गेंडा, रेडा, आणि चौथी वस्तु म्हणजे दोन बैल जोडलेला व माणूस उभा असलेला रथ. तिच्या काळाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. परंतु अनेकांच्या मतें ती सुमारें चार हजार वर्षांपूर्वींची, सिंधुसंस्कृतीच्या उत्तरकाळांतील आहे. त्या रथाचीं चाकें भरीव आहेत. त्यांना आरे नाहींत. सिंध प्रांतांत तर अशा भरीव चाकांच्या गाड्या विसाव्या शतकापर्यंत चालत होत्या, आणि त्यांतील चाकें आंसाला पक्कीं जोडलेलीं असून आंसच चाकांबरोबर फिरत असे. त्या गाड्यांची करकर दुरून ऐकूं येई. तिच्यांत लांकडावर लांकूड घांसल्याचा आवाज होताच, आणि प्रत्येक वळणावर एका चाकाच्या फरफटीची त्यांत भर पडत असे.

या त्रासावरचा पहिला उपाय अत्यंत साधा होता. आंस स्थिर ठेवावयाचा आणि चाकें त्याच्या टोंकांवर मोकळीं सोडावयाचीं. मग एक चाक दहा फेरे करो कीं दुसरें बारा करो, एकाचें दुसऱ्यावांचून अडत नाहीं. मराठी मुलखांतील बैलगाडी याच जातीची. चाकाच्या मध्यभागीं तुंबा, त्यांत बसविलेले आरे, भोंवतालीं लांकडी वर्तुळ आणि त्यावर तापवून चढविलेली लोखंडी धांव, अशी तिची रचना असते. मात्र ही सुटसुटीत गाडी सर्वत्र पूर्वापार होती अशी समजूत असेल तर ती बरोबर नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं दख्खनचा पुष्कळसा माल बैलांच्या पाठीवरून जात असे, आणि ज्या गाड्या होत्या त्या अवजड असत. १८३६ च्या सुमारास जमीनमोजणी खात्याच्या गेसफर्ड नांवाच्या अधिकाऱ्यानें सोलापूर भागांत टेंभुर्णी येथें कारखाना काढून दोन बैलांची हलकी गाडी तयार करविली, आणि तेथून सुधारलेल्या गाडीचा प्रसार होऊं लागला.

मोकळ्या चाकानें फरफट संपली, तरी आवाज संपला नाहीं. गाडी वळतांना भार एका बाजूला कलतो आणि चाक आंसावर आडवें ढकललें जातें. तो आडवा रेटा एका बाजूस आंसाच्या खांद्यावर आणि दुसऱ्या बाजूस चाक अडवून धरणाऱ्या खिळीवर पडतो. वंगण सुकलें असेल तर तुंबा तेथें रडूं लागतो. गाडीवान तें ओळखतो, थांबतो, वंगण घालतो. हा केवळ कानांना होणाऱ्या त्रासाचा प्रश्न नसे. खीळ झिजून तुटली, कीं भरल्या गाडीचें चाक वाटेंतच निखळे. आणि ज्या कुटुंबाचें वर्षाचें उत्पन्न त्या गाडींत असे, त्याला त्या एका खिळीची किंमत तेव्हां कळत असे.

आगगाडीनें मात्र उलटा मार्ग धरला. तिचीं चाकें आंसाला पक्कीं बसविलेलीं असतात. मग रुळांच्या वळणावर काय होतें? येथें युक्ति चाकाच्या कडेंत आहे. आगगाडीच्या चाकाची कड सपाट नसते. ती बाहेरच्या अंगाला किंचित् निमुळती, साधारणपणें विसास एक या प्रमाणांत उतरती असते. वळणावर चाकांची जोडी थोडी बाहेरच्या बाजूस सरकते. त्यामुळें बाहेरचें चाक आपल्या जाड भागावर आणि आंतलें आपल्या बारीक भागावर चालूं लागतें. फेरे तेवढेच, पण बाहेरचें चाक प्रत्येक फेऱ्यांत अधिक अंतर तोडतें. वळण फार आंखूड असेल, तर मात्र ही युक्ति अपुरी पडते. चाक रुळावर घसरतें, त्याची आंतली उंच कड रुळाच्या अंगाला घांसते, आणि ती परिचित कर्कश किंकाळी उठते. बोदवडच्या शेजारीं, जामनेर ते पाचोरा या अडीच फूट रुंदीच्या रुळांवर १९१८-१९ पासून २०२० पर्यंत धांवलेल्या छोट्या गाडीच्या प्रवाशांनाही चाकारुळांचा हा संवाद ठाऊक होता.

मोटारीपुढील कोडें या दोन्हीपेक्षां अवघड होतें. बैलगाडीचें चाक केवळ ओढलें जातें, म्हणून तें मोकळें सोडतां येतें. मोटारीचें मागलें चाक स्वतः गाडीला ढकलीत असतें. त्याला इंजिनाची शक्ति पोंचविली पाहिजे, म्हणजे तें दांड्याला जोडलेलें हवें. आणि वळणावर तर दोन्ही चाकांना निराळे फेरे करूं दिले पाहिजेत. जोडलेलें आणि तरीही मोकळें, असें चाक कसें करावयाचें?

पुढल्या चाकांचा प्रश्न आधीं सुटला होता. म्युनिच येथील लांकेनश्पेर्गर नांवाच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिरानें, वळतांना पुढलीं दोन चाकें निरनिराळ्या कोनांत वळतील अशी रचना शोधिली, आणि लंडनमधील आकरमान या गृहस्थानें १८१८ सालीं तिचें पेटंट घेतलें. इकडे पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या हातीं गेला, तेंच हें वर्ष. मागल्या चाकांचें कोडें त्यानंतर दहा वर्षांनीं, १८२७-२८ च्या सुमारास, पॅरिस येथील ओनेसिफोर पेकर या यंत्रज्ञानें सोडविलें. वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठीं त्यानें आंसाचे मधोमध दोन तुकडे केले आणि त्यांच्या मध्यें दंतचक्रांची एक जुळणी बसविली. आज मोटारदुरुस्तीच्या प्रत्येक दुकानांत तिला डिफरन्शियल म्हणतात.

ही युक्ति बराच काळ निरुद्योगी पडून राहिली. कारण तिला योग्य असें वाहनच रस्त्यावर नव्हतें. इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथील सायकल बनविणारा जेम्स स्टार्ली यानें १८७७ सालीं ती पुन्हां उचलली. त्याच्याविषयीं अशी हकीकत सांगतात कीं, शेजारीं शेजारीं बसून चालवावयाच्या एका गाडीवर तो आपल्या मुलाबरोबर निघाला होता. प्रत्येकाच्या पायांची शक्ति आपापल्या बाजूच्या चाकाला मिळे. मुलाच्या पायांत जोर अधिक, त्यामुळें गाडी एका अंगाला वळत गेली आणि वडील रस्त्याकडेच्या खाजऱ्या झुडपांत जाऊन पडले. दोघांचा जोर एकत्र करून तो दोन्ही चाकांना सारखा वांटण्याची गरज त्यांतून त्याला जाणवली. पुढें १८८६ च्या जानेवारींत कार्ल बेंझ यानें ज्या तीनचाकी मोटारीचें पेटंट घेतलें, तिच्यांतही हीच जुळणी होती.

तिचें कार्य असें चालतें. इंजिनाकडून आलेला दांडा एका मोठ्या दंतचक्राला फिरवितो. त्या चक्राला जोडलेल्या पेटींत कांहीं लहान दंतचक्रें एका आडव्या खुंटीवर मोकळीं बसविलेलीं असतात, आणि त्यांच्या दोन अंगांना दोन्ही चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचीं चक्रें भिडलेलीं असतात. गाडी सरळ जात असतां सारी पेटी एकसंध फिरते. आंतलीं लहान चक्रें आपल्या खुंटीवर स्वस्थ असतात. वळण आलें कीं तींच चक्रें स्वतःभोंवतीं फिरूं लागतात आणि एका चाकाचे जितके फेरे कमी करतात तितके दुसऱ्याचे वाढवितात. म्हणजे गाडीच्या पोटांत असा एक भाग आहे, ज्याला सरळ रस्त्यावर काम नाहीं आणि जो केवळ वळणावर जागा होतो. मागल्या चाकांच्या आवाजाचें निदान करतांना ही गोष्ट सर्वांत उपयोगी पडते.

या जुळणींत एक उणीव आहे, आणि ती खानदेशांतील काळ्या मातीला चांगलीच ठाऊक आहे. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर वांटतें. पावसाळ्यांत एक चाक चिखलांत रुतलें, कीं त्याला विरोध जवळजवळ उरत नाहीं. आणि ज्याला विरोध नाहीं त्याला जोरही लावतां येत नाहीं. मग तितकाच तोकडा जोर कोरड्या जमिनीवरील चाकाला मिळतो. रुतलेलें चाक गरगर फिरतें, दुसरें जागचें हलत नाहीं, आणि चालक अधिकाधिक वेग देत राहतो. अशा वेळीं ज्या लहान चक्रांनीं वळणावर क्षणभर हळूंच फिरावयाचें, त्यांना एकसारखें भयंकर वेगानें फिरावें लागतें. तेल तापतें, खुंटीवरून सरतें, धातु धातूला खातो. गाडी त्या दिवशीं ढकलून बाहेर निघते आणि सारे तो प्रसंग विसरतात. कांहीं दिवसांनीं कोरड्या डांबरी रस्त्यावर वळतांना मागून खटखट ऐकूं येऊं लागते, तेव्हां तिचा संबंध त्या चिखलाशीं असेल हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. म्हणूनच शेतींतील ट्रॅक्टरला दोन्ही चाकें कांहीं काळ एकत्र बांधून टाकणारी कळ दिलेली असते, आणि कठीण रस्त्यावर वळण्यापूर्वीं ती सोडावी लागते.

डिफरन्शियलनें सात फुटांचा हिशेब चुकता केला, तरी बैलगाडीच्या खिळीवर पडणारा तो आडवा रेटा उरलाच होता. त्याची सोय बेअरिंगनें केली. अमेरिकेंत सेंट लुई येथें घोड्यांच्या गाड्या बनविणाऱ्या हेन्री टिमकेन यानें १८९८ सालीं निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचें पेटंट घेतलें. सरळ रूळ केवळ वरून येणारा भार पेलतात. निमुळते रूळ वरचा भार आणि वळणावरील आडवा रेटा हे दोन्ही पेलतात. १९०७ सालीं स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील एका कापड गिरणींत काम करणाऱ्या स्वेन विंगक्विस्ट या इंजिनियरानें, दांडा किंचित् वांकडा झाला तरी स्वतःला सांवरून घेणारें गोळ्यांचें बेअरिंग तयार केलें. कापसाच्या धंद्याची गरज अशी मोटारीच्या चाकापर्यंत येऊन पोंचली.

हिंदुस्थानांत पहिल्या मोटारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्या. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर सरकारी मोटारसेवा सुरू झाली आणि हळूहळू एस्. टी. ची गाडी तालुक्या-तालुक्यांत पोंचली. त्यानंतरच्या पिढीच्या ओळखीच्या गाड्या म्हणजे कलकत्त्याकडील ॲम्बॅसेडर आणि मुंबईस कुर्ला येथें तयार होणारी फियाट, जिला पुढें पद्मिनी हें नांव मिळालें. या साऱ्या गाड्यांचें इंजिन पुढें आणि जोर मागल्या चाकांवर. म्हणून मागून आवाज आला, कीं कारागिराच्या मनांत पहिला संशय डिफरन्शियलचा येई. पण अनुभवी कारागीर तेवढ्यावर पेटी उघडीत नसे. कारण ती उघडणें खर्चाचें आणि पुन्हां नीट जुळविणें कौशल्याचें काम. तो प्रथम गाडींत बसून ऐके.

या ऐकण्याचें शास्त्र पाहण्यासारखें आहे. घरघर एकसारखी असून वेगाबरोबर वाढत असेल आणि वेग देण्या-सोडण्यानें तिच्यांत फरक पडत नसेल, तर संशय चाकाच्या बेअरिंगवर जातो. मग तो मोकळ्या रस्त्यावर गाडी एकदां डावीकडे आणि एकदां उजवीकडे वळवून पाहतो. डावीकडे वळतांना गाडीचा भार उजव्या चाकावर पडतो; तेव्हां घरघर वाढली आणि उजवीकडे वळतांच दबली, तर दोष बहुधा उजव्या बाजूच्या बेअरिंगचा. आवाज सरळ रस्त्यावरच येत असेल आणि वेग देतांना एक, सोडतांना दुसरा असा त्याचा सूर बदलत असेल, तर तो क्राऊन-पिनियनचा, म्हणजे मोठ्या दंतचक्राचा आणि त्याला फिरविणाऱ्या चक्राचा. सरळ रस्त्यावर शांतता आणि केवळ वळणावर, दोन्ही दिशांना, खटखट किंवा कडकड असेल, तर पेटींतील त्या लहान चक्रांकडे पाहावें. कारण तींच तेवढीं वळणावर जागीं होतात. ब्रेक हलकेच दाबतांच खरखर बदलली किंवा थांबली, तर ब्रेकचे लायनर झिजून त्यांचें लोखंड ड्रमला लागत असेल, किंवा ड्रमशेजारीं एखादा खडा अडकला असेल. आणि गाडी भरलेली असतांनाच वळणावर घांसल्यासारखें ऐकूं येत असेल, तर कमान बसून टायर पत्र्याला लागत नाहीं ना, हें आधीं पाहावें. त्याला पैसाही लागत नाहीं.

कानाची साक्ष मिळाली म्हणजे हाताची साक्ष घ्यावयाची. मागला भाग जॅकवर उचलून, खालीं भक्कम आधार देऊन, पुढल्या चाकांना ओटी लावून, चाक हातानें फिरवावें आणि वर-खालीं हलवून पाहावें. खडबड लागली किंवा चाक हललें, तर बेअरिंगचा दोष निश्चित होतो. डिफरन्शियलच्या तेलाची पातळी पाहावी आणि तेल काढून त्यांत लोखंडाचा कीस आहे का तें पाहावें. हें तेलही कोणतेंही चालत नाहीं. १९२६-२७ च्या सुमारास अमेरिकेंत पॅकार्ड कंपनीनें अशीं दंतचक्रें प्रचारांत आणलीं, ज्यांचे दांते एकमेकांवर लोळतात तसे घसरतातही. त्यांमुळें गाडीचा मधला दांडा खालीं घेतां आला, पण अशा चक्रांना फार मोठा दाब सहन करणारें विशेष तेल लागतें. साधें तेल घातल्यास दांते लौकरच खरवडले जातात.

एक आवाज मात्र दोषाचा नसून अज्ञानाचा असतो. महिंद्रांनीं १९४७ पासून जोडावयास घेतलेल्या जीप गाडींत चारही चाकांना जोर देतां येतो. पण वळणावर पुढल्या आणि मागल्या चाकांच्या वाटाही सारख्या नसतात, आणि त्या जीपमध्यें या दोन जोड्यांच्या मध्यें डिफरन्शियल नव्हतें. चिखलांत चाक घसरूं शकतें म्हणून तें चालून जातें. तीच कळ तशीच ठेवून गाडी डांबरी रस्त्यावर आणली, कीं वळतांना ती अडखळते आणि कुरकुरते. तेथें पान्हा घेण्याची गरज नाहीं. कळ मागें घेतली म्हणजे पुरे.

१९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० ही गाडी बाहेर पडली, आणि मध्यमवर्गीय कुटुंबाच्या गाडीचा जोर मागल्या चाकांवरून पुढल्या चाकांवर गेला. डिफरन्शियलही इंजिनाशेजारीं पुढें आलें. अशा गाड्यांचीं मागलीं चाकें बैलगाडीच्या चाकांप्रमाणें पुन्हां केवळ ओढलीं जाऊं लागलीं, स्थिर आंसावर मोकळीं. त्यामुळें त्याच आवाजाचा अर्थ बदलला. अशा गाडीच्या मागून वळतांना घरघर आली, तर डिफरन्शियलची चौकशी व्यर्थ होय. तेथें बेअरिंग, ब्रेकचा ड्रम आणि अडकून राहिलेला हातब्रेक एवढेच काय ते पाहावयाचे. जुन्या सवयीनें जुनाच निष्कर्ष काढणारा कारागीर येथें फसतो. ट्रक, एस्. टी., जीप आणि ट्रॅक्टर यांच्या बाबतींत मात्र जुना हिशेब आजही खरा आहे.

चाकाच्या या दीर्घ इतिहासांत साधनें बदललीं. पण वळणावर चाकाला होणारा त्रास गेला नाहीं, त्याचें ओझें तेवढें एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे गेलें. पूर्वीं तें खिळीवर होतें, आज बेअरिंगवर आहे. खीळ तुटली तर बैलांच्या चालीनें जाणारी गाडी कलंडून कापूस रस्त्यावर सांडे. झिजलेलें बेअरिंग घट्ट अडकलें किंवा त्याच्या अभावीं चाकच सुटलें, तर तासाला पन्नास मैलांनीं जाणाऱ्या गाडींतील माणसांचा जीव जातो. बैलगाडीच्या मानानें मोटारीच्या काचा बंद असतात, आंत गाणें चालू असतें, आणि घरघर रोज थोडथोडी वाढत असल्यानें कानाला तिची सवय होऊन जाते. बोदवडच्या वाटेवरील गाडीवानाजवळ यंत्राचें ज्ञान नव्हतें. परंतु तुंबा रडूं लागला कीं गाडी थांबवून खालीं उतरण्याची त्याची रीत होती. नाडगांवचें स्थानक गांठावयाची घाई असली, तरी तेवढा वेळ तो काढीत असे.